अकरा नग, तपासून घेतले

माहितीपत्रक वाचून छत्री विकत घेणारा माणूस तपासनीसांच्या लेखी अर्धवट होता. माहितीपत्रक वाचून मुलीची शाळा ठरवणारा तर पार वाया गेलेला. आणि त्यांच्या घरात या घडीला खासगी शाळांची चौदा माहितीपत्रकं होती. गुळगुळीत कागदाची, एक सोडून बाकी प्रत्येकावर एक हसरं मूल आणि शेजारी पृथ्वीचा गोल.

"हे मूल सगळ्यांकडे एकच आहे," तपासनीसांनी तिसऱ्या दिवशी शोध लावला. "हा बघ, गालावर तोच तीळ!"

"असू दे तीळ," बायको म्हणाली. "शुक्रवारी पाच वाजता अर्ज बंद होतायत, अहो. शाळा बघा."

तपासनीस हा त्यांचा हुद्दा. पण एकोणीस वर्षांत तो अंगाला असा चिकटला होता, की दूधवालासुद्धा त्यांना 'तपासनीससाहेब' म्हणायचा आणि ते दूध निरखून घ्यायचे. छत्र्यांच्या कारखान्यात शेवटच्या टेबलापाशी ते बसत. दर विसावी छत्री उचलायची, खटका दाबून उघडायची, तीनदा झटकायची, आठही काड्या ओढून बघायच्या, वर मगभर पाणी ओतायचं, मिटायची. मग समोर जी चिठ्ठी येईल तिच्यावर 'इतके नग, तपासून घेतले' असं लिहून सही ठोकायची. मोजल्याशिवाय सही नाही, हा त्यांचा बाणा. स्वतःच्या लग्नाच्या नोंदणीवर सही करण्याआधीसुद्धा त्यांनी साक्षीदार मोजले होते. एक कमी निघाला होता. बायको ती गोष्ट अजून सगळ्यांना सांगते, आणि कौतुकाने सांगत नाही.

प्रश्न होता टिमकीचा. टिमकी म्हणजे त्यांची साडेपाच वर्षांची मुलगी. घरात ती वाजायची थांबत नसे म्हणून हे नाव पडलेलं. पण उंबरठा ओलांडला की टिमकीच्या तोंडातून ब्र निघत नसे. दोन आठवड्यांपूर्वी एका शाळेने मुलांना भेटायला बोलावलं होतं. तिथल्या बाईंनी टेबलावर चेंडू ठेवून विचारलं, "बाळा, याचा रंग कोणता?" टिमकीने सात मिनिटं चेंडूकडे पाहिलं. बाईंनी पाहिलं, तपासनीसांनी पाहिलं, शेवटी शिपायानेही वाकून पाहिलं. घरी आल्यावर तिने सांगितलं, की चेंडू निळा होता, त्याला खाली भोक होतं, बाईंच्या चपलेचा पट्टा वेगळ्या दोऱ्याने शिवलेला होता आणि शिपायाच्या खिशात दोन पेनं होती, एक बिनटोपणाचं. हे सांगायला तिला पाऊण तास लागला. तिकडून चार दिवसांनी पत्र आलं: आपल्या पाल्याची तयारी पुढील वर्षी पाहू.

तपासनीस त्या पत्राला खरोखर भ्याले. दहा वर्षं ते स्वतः मागच्या बाकावर बसले होते, आणि निरोपाच्या दिवशी त्यांच्याच वर्गशिक्षकांनी त्यांना विचारलं होतं, "तू कुठल्या वर्गातला रे?" आपल्या टिमकीला हा प्रश्न कुणी विचारू नये, एवढंच त्यांना हवं होतं. पण एवढंच पाहिजे असं शाळेच्या अर्जात लिहायला जागा नसते.

सल्ल्यांना मात्र तोटा नव्हता. वरच्या मजल्यावर एक निवृत्त पोस्टमास्तर राहायचे. ते जिना उतरून आले आणि खुर्चीत बसण्याआधीच म्हणाले, "शिस्तीची शाळा! दुसरा विचारच नको. सहा महिन्यांत पोरगी खडाखडा बोलते की नाही बघा. आमचा मुलगा बघा."

"तो तुमच्याशी बोलत नाही ना?" बायकोने विचारलं.

"माझ्याशी नाही. पण शिस्तीत बोलत नाही."

बायकोची मोठी बहीण म्हणाली, "भाऊजी, तुम्ही मुक्त शाळा बघा. पुस्तक नाही, तास नाही, बाक नाही. मुलं हवं ते करतात."

"आणि काही करायचं नसेल तर?"

"तर ते करतात!" ती इतक्या उत्साहाने म्हणाली, की तपासनीसांना पटल्यासारखं झालं आणि काय पटलं ते कळेना. कारखान्यातल्या भांडारपालाचा कौल निवासी शाळेला होता. त्याला स्वतःला मूल नव्हतं, त्यामुळे त्याचं मत अगदी स्वच्छ होतं.

तेव्हा तपासनीसांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ते जेवता जेवता ताटावरून उठले. "अगं, माल कसा आहे हे कारखान्याच्या दारावरची पाटी वाचून कळतं का? माल जिथून बाहेर पडतो तिथे उभं राहावं लागतं! मी शाळा सुटताना फाटकावर उभा राहणार आणि मुलं तपासणार!"

"आधी भात संपवा," बायको म्हणाली. ती नर्स होती आणि तिला रोज प्रकाश पडलेली माणसं बघायची सवय होती.

त्यांनी वही आखली. पळत बाहेर येणारी मुलं, चालत येणारी, रडत येणारी, आणि चौथा रकाना, ज्यावर त्यांचा सगळा जीव होता: ओढून काढावी लागणारी. ज्या शाळेतून मूल ओढून काढावं लागतं ती शाळा खरी, असा त्यांचा सिद्धांत. सोबत कारखान्यातली एक नमुन्याची छत्री घेतली. कारखाना तोवर फक्त काळ्या छत्र्या करायचा. ही पहिली हिरवी. भडक हिरवी आणि दोन माणसं सहज मावतील एवढी रुंद. तिची रस्त्यावरची चाचणी बाकी होती. एका रजेत दोन तपासण्या, या हिशोबाने त्यांना अगदी भरून आलं.

सोमवारी शिस्तीची शाळा झाली. दोनशे चार मुलं रांगेत आली, गळ्याची बटणं लावलेली, पाऊल पाऊल मोजलेलं. शेवटचं मूल फाटकाबाहेरच्या पांढऱ्या पट्ट्यापार गेलं आणि दोनशे चार मुलांनी एकदम जी आरोळी ठोकली, तिने तपासनीसांच्या हातून पेन्सिल गळाली. नोंद: सगळी पळत. मंगळवारी मुक्त शाळा. तिथे सुटण्याच्या वेळेला कुणीच सुटलं नाही. पाऊण तासाने खिडकीतून तीन मुलं उतरली, त्यांच्यामागून एक शिक्षक उतरले. नोंद कुठल्या रकान्यात करावी ते सुचेना, म्हणून 'खिडकी' असा पाचवा रकाना काढला. बुधवारी ते निवासी शाळेबाहेर अडीच तास उभे राहिले. एकही मूल बाहेर आलं नाही. तपासनीस हर्षभरित होऊन घरी आले. "एकालाही घरी जायचं नाही! एकालाही!"

"निवासी आहे ती," बायको म्हणाली. "ती सुट्टीत बाहेर येतात."

पुढे बराच वेळ तपासनीस छत्री उघडमीट करत बसले.

गुरुवारी बायकोला सकाळची पाळी होती, म्हणून टिमकीलाही बरोबर न्यावं लागलं. उरली होती ती एका गल्लीच्या तोंडाशी असलेली पिवळ्या भिंतीची मध्यम शाळा. कुणीच तिचं नाव सुचवलं नव्हतं, आणि तिच्या माहितीपत्रकावर तिळाचं मूलही नव्हतं. साडेबारा वाजले. घंटा झाली आणि तपासनीसांना जन्मात पहिल्यांदा शाळेच्या फाटकावर आनंद झाला. काय व्यवस्था होती! मुलांना घरी सोडणाऱ्या प्रत्येक गाडीला एक रंग. गाडीवरची मदतनीस बाई काठीवर त्या रंगाची पाटी उंच धरून उभी राहायची आणि लहान मुलं आपापला रंग शोधून खाली जमायची. लाल जमली, पिवळी जमली, निळी जमली. ढकलाढकल नाही, हाका नाही.

"टिमके, बघ! याला म्हणतात वर्गवारी!" ते म्हणाले. टिमकी त्यांच्या खिशाला घट्ट धरून गप्प उभी होती, पण एकूण एक बघत होती.

ऊन डोक्यावर आलं होतं. वहीचा कागद चमकायला लागला. तपासनीसांनी खटका दाबला. फट्! छत्री दिमाखात उघडली, आठ काड्या, एकही न अडखळता. ते कौतुकाने वर बघत होते. खाली बघितलं तेव्हा त्यांच्या पायाशी अकरा मुलं उभी होती.

"तुम्ही कोण?" तपासनीसांनी विचारलं.

"हिरवी," एक दात पडलेली मुलगी म्हणाली.

हिरव्या गाडीचं चाक त्या दिवशी वाटेत पंक्चर झालं होतं आणि गाडी तिच्या मदतनीस बाईसकट दोन चौक मागे अडकली होती. हे फाटकावरच्या बाईंना ठाऊक नव्हतं. त्यांची फाटकावरची पाळी आजच सुरू झालेली. त्या हातात वही घेऊन घाईघाईने आल्या. "हिरवी ना? तुम्ही नवीन का? किती, अकरा? करा सही."

तपासनीसांना विचारायचं होतं, की आपल्या शाळेत न बोलणाऱ्या मुलांचं काय करतात. वाक्य ओठांपर्यंत आलं होतं. पण समोर वही होती. वहीत लिहिलं होतं: संख्या ११, ताब्यात घेणाऱ्याची सही. एकोणीस वर्षांच्या हाताला तेवढं पुरलं. त्यांनी बाणा मात्र सोडला नाही. बोटाने डोकी मोजली, एक ते अकरा, एकदा उलटीही मोजली, 'अकरा नग, तपासून घेतले' असं स्वच्छ अक्षरात लिहिलं आणि झोकदार सही केली. बाई पुढच्या रंगाकडे गेल्या.

आपण काय केलं हे तपासनीसांच्या लक्षात यायला सुमारे अर्धं मिनिट लागलं. त्यांनी काढता पाय घेतला, तर अकरा मुलंही निघाली, कारण छत्री निघाली होती. त्यांनी छत्री मिटली. लगेच एका चष्मेवाल्या मुलाने भोकाड पसरलं, "आमची हिरवी गेली!" त्यांनी छत्री पुन्हा उघडली. भोकाड थांबलं.

ते वरात घेऊन फाटकाकडे परतले. तोवर फाटकावरच्या बाई आत गेल्या होत्या आणि फाटकाला साखळी होती.

"ही मुलं परत घ्या हो," ते रखवालदाराला म्हणाले. "माझी नाहीत."

रखवालदाराने फाटकापाशी ठेवलेली शाळेची वही उघडून बघितली. "सही तुमचीच ना?"

"माझीच."

"मग? सही झालेली मुलं आत घेता येत नाहीत. उद्या सकाळी आठला आणा."

"अहो, मी फक्त शाळा बघायला आलोय!"

"ते कार्यालयात विचारा. दुपारी तीनला उघडतं."

"काका, आमची गाडी कोपऱ्यावर असते," दात पडलेली मुलगी समजुतीने म्हणाली. रखवालदाराने मात्र त्यांच्या चेहऱ्याकडे आणि छत्रीकडे आळीपाळीने पाहिलं आणि मोठ्या बाईंना फोन लावायला घेतला. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका.

कोपऱ्यावर गाडी नव्हती. होता एक फळवाला आणि भरपूर रहदारी. एकाला तहान लागली. एकीला जायचं होतं आणि मग नव्हतं आणि मग पुन्हा होतं. चष्मेवाल्याने नव्या दमाने सूर लावला. "प्रत्येकाला त्याच्या घरी सोडा," फळवाला म्हणाला. "यांना काही खायला द्या," म्हणून त्याने सल्ल्याला लागूनच भाव सांगितला. रस्त्यावरच्या एका आजोबांनी थांबून विचारलं, "सगळी तुमचीच?" आणि उत्तराची वाट न बघता हात जोडून गेले. तपासनीसांनी पुन्हा डोकी मोजली. एकोणीस वर्षांत एकही नग न हरवलेला माणूस, आणि आज भर रस्त्यात अकरा जिवंत नग!

तेवढ्यात फळवाल्याच्या गाड्याखालून मांजराचं पिल्लू निघालं आणि लेस सुटलेला एक मुलगा त्याच्यामागे थेट रस्त्याकडे धावला.

"थांब! तपासणी झाल्याशिवाय कुणीही जायचं नाही!"

आवाज खणखणीत होता. मुलगा जागच्या जागी थिजला. फळवाला थिजला. तपासनीसांनी आवाज कुणाचा म्हणून मागे वळून पाहिलं, मग खाली पाहिलं. टिमकीने त्यांचा खिसा सोडला होता.

"रांग करा," ती म्हणाली. "एकेकाने छत्रीखाली यायचं. हात वर. उघडा. तीनदा झटका. आता मिटा."

दात पडलेल्या मुलीने हात वर करून पसरले, तीनदा झटकले, मिटले. टिमकीने तिची बोटं एकेक ओढून बघितली, दहाही, आणि तळहातावर अंगठा दाबला. "पास. पुढचा." मुलं चकित होऊन पटापट रांगेत उभी राहिली. तहान कुणाला उरली नाही. जायचं होतं तीसुद्धा रांगेत होती. लेस सुटलेल्याला टिमकीने बाजूला काढलं. "हा दुरुस्तीला." चष्मेवाल्याच्या चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली होती. "काडी सैल आहे. दुरुस्तीला." तो इतका खूश झाला, की रडायचं विसरला. आपल्याला कुणी इतकं नीट तपासलं नव्हतं, असं त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

तपासनीस छत्री धरून उभे होते. रोज संध्याकाळी कारखान्यातून आल्यावर टिमकी त्यांना 'आज काय केलं' म्हणून विचारायची आणि ते सांगायचे. तिने त्यातला शब्द न् शब्द ठेवला होता. त्यांचे डोळे भरून आले. पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून त्यांनी ते तसेच वाहू दिले.

शेवटच्या मुलामागे एक उंच बाई धापा टाकत येऊन उभ्या राहिल्या आणि मुलं मोजू लागल्या. टिमकीने मान वर न करता म्हटलं, "हात वर." बाईंनी आधी इकडेतिकडे पाहिलं आणि मग हात वर केले. उजवा खांद्याच्या वर जाईना. टिमकीने त्याची बोटं धरून हळूच ओढून पाहिला. "हा नीट उघडत नाही. दुरुस्तीला. तिकडे उभे राहा."

बाई दुरुस्तीच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या, लेसवाला आणि चष्मेवाला यांच्या शेजारी. त्या मोठ्या बाई होत्या, हे तपासनीसांना रखवालदार ओरडत पळत आला तेव्हा कळलं.

त्याच वेळी हिरवी गाडी येऊन थांबली आणि मदतनीस बाई रडतच खाली उतरली. "माझी मुलं!"

तपासनीस आडवे आले. "आधी मोजा. मग सही करा. मोजल्याशिवाय मी एकही नग सोडणार नाही." तिने मोजली, अकरा भरली, त्यांच्याच वहीत 'खिडकी'च्या रकान्याखाली सही केली, आणि मगच मुलं गाडीत चढली.

पुढचा पाऊण तास मोठ्या बाईंच्या खोलीत गेला आणि तो तपासनीस कधी कुणाला सांगत नाहीत. आधी फाटकावरच्या बाईंना चार गोष्टी सुनावल्या गेल्या, मग तपासनीसांना चौदा. लेखी जबाब लिहावा लागला. 'व्यवसाय' या जागेत त्यांनी 'छत्र्या उघडणे' असं लिहिलं, आणि मोठ्या बाईंनी ते दोनदा वाचलं. रखवालदाराने त्यांचा छत्रीसकट फोटो काढला, फाटकाशेजारच्या आपल्या खोलीत लावायला, म्हणजे पुन्हा दिसले तर ओळखता येतील.

"आणि ही तुमची मुलगी," मोठ्या बाई म्हणाल्या. "काय गं, तुझं नाव काय?"

टिमकीने खिसा धरला. तपासनीसांना चेंडू आठवला, पत्र आठवलं, मागचा बाक आठवला.

"ती बाहेर बोलत नाही," ते कसेबसे म्हणाले. "म्हणजे, आजपर्यंत बोलत नव्हती."

"माझ्याशी बोलली आहे ती." मोठ्या बाईंनी उजवा खांदा चोळला. "गेलं वर्षभर हा हात असा आहे. या शाळेत चाळीस माणसं आहेत आमची. एकाच्याही लक्षात आलं नाही." त्यांनी खणातून अर्ज काढून टेबलावर ठेवला. "उद्या पाचच्या आत. आणि तुमच्यासाठी अट आहे. तुम्ही रस्त्याच्या पलीकडे उभं राहायचं. आणि ही छत्री या गल्लीत पुन्हा उघडायची नाही."

घरी पोस्टमास्तर आणि मेहुणी दोघेही हजर होते आणि तपासनीसांची वही उघडून भांडत होते. एकाचं म्हणणं, पळत येणं म्हणजेच शिस्त. दुसरीचं म्हणणं, खिडकीच खरी. बायको पाळीवरून येऊन पाय वर करून बसली होती. टिमकी सगळ्यांवर आवाज चढवून हिरव्यांची हकीकत सांगत होती आणि ती चौथ्यांदा सुरू झाली होती.

"टिमके," तपासनीस म्हणाले. "तुला कुठल्या शाळेत जायचं?"

तिला प्रश्नच कळला नाही. "हिरव्या," ती म्हणाली. "तिघांची दुरुस्ती राहिलीय ना, बाबा."

बायकोने वही मिटली आणि अर्ज पुढे सरकवला. तपासनीसांनी सही केली. अर्जावर मोजण्यासारखं मूल एकच होतं, ते त्यांनी मोजलं.

शाळा सुरू झाली त्या दिवशी तपासनीस अटीप्रमाणे रस्त्याच्या पलीकडे, फळवाल्याशेजारी उभे राहिले. काखेत मिटलेली हिरवी छत्री होती. टिमकी आईचा हात धरून फाटकापाशी गेली. रखवालदाराने आधी पलीकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या फोटोकडे. फाटकात मोठ्या बाई स्वतः उभ्या होत्या.

"घरी जायला कुठली गाडी?" त्यांनी विचारलं.

टिमकी गप्प. तपासनीसांनी मनात मोजायला सुरुवात केली. सात, आठ, नऊ. फळवाल्यानेही फळं लावायचं थांबवलं.

"हिरवी!" ते पलीकडे ऐकू आलं. मागोमाग आलं, "हात वर!"

मोठ्या बाईंनी दोन्ही हात वर केले. उजवा खांद्याच्या थोडा वर गेला. टिमकीने बोटं ओढून पाहिली, तळहातावर अंगठा दाबला आणि आत पळाली. मागे वळून बघायचंही तिला सुचलं नाही.

तपासनीसांचा अंगठा आपोआप खटक्यावर गेला होता. तो त्यांनी सावकाश काढून घेतला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा हातातली छत्री न उघडता ते कामावर गेले.